मावशीचं एक दिवस बंद फाटक

चूक माझीच. फोनवर एक बाई धापा टाकत म्हणाली, "आम्ही अकरा जण आहोत, मुक्काम पुढच्या गावी, आणि इथे फाटकाला कुलूप!" मी पर्यटन केंद्रात बसतो. नकाशे वाटणं आणि अडकलेल्यांना सोडवणं हेच माझं काम. अदबीने सांगितलं, "डावीकडे फुटकी बादली आहे, तिच्याखाली किल्ली. जाताना लावून जा." फोन ठेवला, चहाचा घोट घेतला आणि मग भिंतीवरची तारीख पाहिली.

वर्षातला तो एकच दिवस फाटक बंद असतं. फाटक माझ्या मावशीचं.

समुद्रकाठच्या सात गावांना जोडणारी पायवाट कड्यावर मावशीच्या अंगणातून जाते. एका हाताला स्वयंपाकघर, दुसऱ्या हाताला तिची शिलाई मशीन. नियम असा, की मालकाने वर्षातून एक दिवस तरी वाट अडवली नाही तर ती सार्वजनिक होते. मग ती रुंद करा म्हणून कुणीही अर्ज करावा. आणि अर्ज करणारा टपूनच होता. खाली किनाऱ्यावर त्याचं हॉटेल. बोलणं असं तुपाळ, की मावशीने त्याचं नाव गुळगुळ्या ठेवलंय. त्याला पाहुण्यांच्या गाड्या थेट वाळूवर उतरवायच्या होत्या, म्हणजे मावशीच्या ओट्याला घासून.

मावशी चालायला येणाऱ्यांच्या सॅक शिवते. तुटलेला पट्टा असा बसवते, की सॅक फाटेल पण पट्टा हलणार नाही. मात्र सुईत दोरा ओवण्याआधी गिऱ्हाइकाला आपादमस्तक बघणार. "एवढी नवी सॅक तुटली कशी?" कुणी समुद्राचं कौतुक केलं, तर तो जागा हेरायला आलाय. नाही केलं, तर लपवतोय. आई सांगते, मी जन्मलो तेव्हा सगळ्यांनी नाक कुणावर गेलंय ते पाहिलं. मावशीने मनगटावरच्या दवाखान्याच्या पट्टीचा नंबर ताडून पाहिला.

संध्याकाळी मी कबुली द्यायला गेलो. तिने मशीन थांबवली नाही.

"किती दिले त्याने?"

"कुणी?"

"गुळगुळ्याने."

"चुकून झालं गं, मावशी."

"चुकून पाय घसरतो. आणि बादलीचं तुला कुणी सांगितलं? मी तर सांगितलं नव्हतं."

हे मात्र खरं होतं. तिला बादली उचलताना मी दोनदा पाहिलं होतं. मी खाली पडलेले दोरे गोळा करू लागलो, आणि तेही तिने टिपून ठेवलं.

आठवड्याने हॉटेलवाल्याच्या अर्जाच्या चौकशीला मोजणी अधिकारी आले. मागे गुळगुळ्या, मोबाइलवर त्या बंदच्या दिवसाचा फोटो घेऊन: अकरा जण रांगेने फाटकातून जाताना.

"वाट चालूच असते, साहेब. मावशींचं कुलूप म्हणजे नुसता दागिना."

"फाटक उघडलं कुणी?" साहेबांनी विचारलं.

"फोटो मोठा करा," मावशी म्हणाली. "बाईच्या हातात कुलूप आहे, त्यात किल्ली आहे. तोडलेलं नाही."

"मग किल्ली कुणी दिली?"

मावशीने माझ्याकडे पाहिलं. पंचवीस वर्षांत तिने मला मशीनचा ड्रॉवर उघडू दिला नव्हता, आणि आता चारचौघांत म्हणायचं होतं, की हा माझ्या भरवशाचा माणूस. कडू काढा गिळावा तसं तोंड करून ती म्हणाली, "भाच्याने. घरचाच आहे. त्याने जा म्हटलं म्हणजे मीच म्हटलं."

"म्हणजे परवानगी घेऊन गेले," साहेब लिहीत म्हणाले. "विचारून जावं लागतं, तर वाट खासगीच. अर्ज फेटाळतो."

गुळगुळ्याचं हसू जागच्या जागी थिजलं. "मला हे तपासून घ्यावं लागेल."

"घ्या की," मावशी म्हणाली. "तपासण्यात वाईट काही नसतं."

ते गेल्यावर मी जरा फुगलोच. "म्हणजे माझ्यावर विश्वास आहे तर?"

"साहेबांसमोर होता," मावशी म्हणाली. मग दंड ठोठावला: फाटकासाठी मी स्वतःच्या हाताने पाटी रंगवायची, 'ही वाट खासगी आहे. विचारून जा.'

पाटी माझ्या टेबलामागे उभी आहे. 'ही वाट' एवढं झालं आणि रंग संपला. त्याला महिना झाला. काल मावशी येऊन बघून गेली.

"बरोबर 'खासगी'च्या आधी संपला रंग?"

"आणतो गं उद्या."

"आण," ती म्हणाली आणि जाताना टेबलाखाली वाकून रिकामा डबा हलवून पाहिला.