गोड पाण्याचा डोंगर

माझी माय मूर्तिजापूरकडच्या खारपाणपट्ट्यातली. तिकडे विहीर खणली तरी पाणी खारट लागतं. डाळ शिजत नाही, चहा फाटतो. गोड पाणी दुरून डोक्यावर आणण्यात तिचा जन्म गेला. बाबांनी शेतात विहीर खणली, तेव्हा पाण्याचा पहिला घोट मायनं घेतला आणि घागर पालथी केली, असं आत्या सांगायची.

गेल्या पावसाळ्यात ती आमच्याकडे अमरावतीला राहायला आली होती. एका रविवारी मी, माझा नवरा आणि मुलगी तिला घेऊन मुक्तागिरीला गेलो. परतवाड्याच्या पुढे, सातपुड्यात. डोंगरावर जैन मंदिरं, वर जायला लांबच लांब पायऱ्या आणि त्यांच्या बाजूलाच धबधबा. मायचे गुडघे दुखतात, म्हणून खाली डोलीची चौकशी केली.

"मी काय नवरी हाओ का डोलीत बसाले?" म्हणाली, आणि चपला काढून चढायलाच लागली.

थोडं वर गेल्यावर थबकली. "गाडी येऊन राह्यली का वं?"

"इथं कुठली गाडी, माय? पाण्याचा आवाज आहे तो."

तिला ते पटलं नाही. पुढे पायऱ्या वळल्या आणि उंच कड्यावरून कोसळणारा पांढराशुभ्र धबधबा एकदम समोर आला. सत्तरी ओलांडलेली माझी माय धबधबा आयुष्यात पहिल्यांदा बघत होती. कठडा धरून ती उभी राहिली. तुषारांनी चेहरा भिजला, पदर भिजला, तरी तिनं काही पुसलं नाही. मी शाळेच्या सहलीत इथं येऊन गेले होते. डबा कुठं खायचा, एवढंच तेव्हा पाहिलं होतं. आता माझ्याही अंगावर काटा आला.

मायनं विचारलं, "गोड हाय का हे?"

"हो. सगळं गोड."

शेजारच्या खडकावरून एक बारीक धार उतरत होती. मायनं ओंजळ धरली, घोट घेतला आणि डोळे मिटले.

"एवढं गोड पाणी," ती हळूच म्हणाली, "अन् कोनीच भरून नाई राह्यलं."

"आजी, ते पुढं नदीत जातं," माझी मुलगी म्हणाली.

"अन् रातचं? रातचंही असंच पडते?"

"रात्रीही."

मायनं धारेखाली पुन्हा ओंजळ धरली.

आम्ही तिथूनच परतायचं म्हणत होतो, पण तिला हे पाणी कुठून येतं ते बघायचं होतं. उरलेल्या पायऱ्या ती बसत-उठत चढली. वर दगडांमधून एक साधा, गुडघाभर ओढा निवांत येत होता आणि कड्यापाशी एकाएकी दिसेनासा होत होता. त्या कड्यापासून बऱ्याच अलीकडे, उथळ पाण्याशी माय बसली आणि दोन्ही हात मनगटापर्यंत आत सोडले.

नवऱ्यानं विचारलं, "आई, निघायचं का आता?"

"बसा ना जी जरासे, जवाईबापू," ती पाण्यावरची नजर न काढता म्हणाली. "मले पाहून तं घेऊ द्या."

मग आम्हीही तिच्याशेजारी पाण्यात पाय सोडून बसलो.