विलासच्या प्रिंटरवर माझी रेघ

मंडळी, आजचं ऐका. मुरबाडचा विलास माझ्यासारखाच घरांचे नकाशे काढतो. ऑफिससाठी मोठा कलर प्रिंटर निवडायला त्याने मला शहापूरहून कल्याणच्या दुकानात बोलावलं.

माझ्या पोटात दुखलं. माझ्याकडे अजून छोटाच आहे! मुद्दाम म्हणालो, “तो कोपऱ्यातला घे.” त्यावर बारीक रेघा पसरतात, हे मला माहीत होतं.

ट्रायलसाठी विलासने पेनड्राइव्ह काढला. “तू मागे दिलेला नकाशा आणलाय रे. तुझ्यासारखी बारीक रेघ आमाला नाय जमत.”

कागद बाहेर आला. माझ्या सगळ्या रेघा फुगलेल्या.

“हा नको! पलीकडचा घे,” मी ओरडलोच.

विलास अजून आभार मानतोय. त्याचं नुकसान मला चाललं असतं हो, माझी रेघ बिघडलेली नाय बघवली.

तुमी कधी असे चांगले ठरलात का?