खिळ्यावरचा हिरवा पेला

फालेसीच्या आंब्याखालच्या झोपडीत खिळ्यांवर सव्वीस पेले टांगलेले असतात आणि रोज सकाळी पेज प्यायला येणारी पोरं पंचवीस. सव्विसावा पेला, हिरवा, कोणी उतरवायचा नाही. एकदा एका नव्या मदतनीस बाईने त्यात मीठ ठेवलं, तेव्हा फालेसीने तिला असं फैलावर घेतलं की ती आठवडाभर त्या वाटेला फिरकली नाही.

तो नासिबेकोचा पेला. बारा वर्षांपूर्वी ही सात वर्षांची, पुढचे दात पडलेली, आई गेलेली पोर फालेसीच्या पदरात होती. एक दिवस तिचा मामा न्यायला आला. आमच्याकडे मूल आईच्या कुळाचं, आणि त्या कुळात मामाचा शब्द शेवटचा. मामाला ‘कुठे नेतोस’ असं विचारणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं. फालेसीने विचारलं नाही. उलट पोरीचे केस विंचरून बारीक वेण्या घातल्या, वाटेत खायला भाजलेले शेंगदाणे बांधून दिले आणि सडकेपर्यंत पोहोचवायला गेली. पोर परत आली नाही, निरोपही नाही. तो मामा तोतया असणार, खरा मामा असं करणार नाही, अशी फालेसीने मनाची समजूत घातली आणि त्या समजुतीवर बारा वर्षं काढली.

तशी ती कडक बाई. नवरा तरुणपणीच गेला, दोन मुलगे शहरात, आणि तोंडाचा पट्टा असा की गावचा मुखिया चिंबालांगा तिच्या अंगणासमोरून जाताना टोपी नीट करायचा. पण पोरांना तिने वळण लावलं ते अस्सल. मोठ्यांपुढे गुडघे टेकायचे, दोन्ही हातांनी घ्यायचं, आणि मामाने हाक मारली की हातातलं टाकून उठायचं. तिच्या पेजेइतकंच या वळणाचं गावात कौतुक होतं.

यंदा पावसाळा सरता सरता मेलिफा वारली. तिचा नवरा दक्षिणेकडे खाणीत गेलेला, चार वर्षं बेपत्ता. मागे राहिली नऊ वर्षांची म्टिसुंगे आणि पाच वर्षांचा यामिकानी. दोघं फालेसीकडेच झोपायला येऊ लागली. मका कापणीला आला, आणि एका दुपारी भाड्याच्या सायकलवर मागे बसून एक माणूस आला. पायात नवे बूट, हातात साखरेची दोन पाकिटं. नाव फोस्तिनो, मेलिफाचा सख्खा भाऊ म्हणाला.

सगळं रीतीने केलं त्याने. आधी बहिणीच्या थडग्यावर गेला, तिथे बसून रडला, मगच पाणी प्यायला. बायकांनी डोळ्याला पदर लावला. मुखिया खूश झाला, कारण दोन तोंडं गावावरून उतरणार होती. भाचरांना कासुंगूकडे नेतो, तिथे तंबाखूच्या मळ्यावर मी मुकादम आहे, मळ्याची शाळा आहे, असं फोस्तिनो सांगत होता. सांगता सांगता त्याने म्टिसुंगेला जवळ ओढलं, तिचा तळवा उलटा सुलटा करून पाहिला आणि दंड चाचपला. शाळेत घालायच्या पोरीचा दंड कोण चाचपतं? फालेसीच्या मनात पाल चुकचुकली.

हा तोतयाच, असं तिने धरलं आणि सापळा लावला. आमच्याकडे लग्न लागतं ते दोन्हीकडच्या जामिनांनी एकमेकांच्या हातात कोंबडी दिली की. जामीन म्हणजे बहुधा मामा किंवा भाऊ. पुढे नवरा मारो की बायको पळो, जाब त्याने द्यायचा. मेलिफाचं लग्न मात्र पळून जाऊन झालेलं, कोंबडीचं पीसही कोणी पाहिलं नव्हतं. फालेसीने गोड आवाजात विचारलं, बाबा, बहिणीच्या लग्नात तुझ्या हातची कोंबडी आमच्याकडच्या कोणी घेतली होती?

फोस्तिनोने मान खाली घातली. “कोणी नाही, आजी. ती रात्रीतून निघून गेली. आमच्या घराची मान खाली गेली ती त्यामुळेच.”

म्हणजे तो खरा होता. फालेसीला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. बारा वर्षं ती तोतयांवर नजर ठेवून होती, आणि सख्ख्या मामाला अडवायला तिच्याकडे काहीच नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे हिरव्या पेल्याची गोष्टही त्या क्षणी तिला नव्याने कळली. नासिबेकोचा मामाही खराच असणार.

पण जीभ अजून शाबूत होती. ती मुखियाकडे वळून म्हणाली की जो बहिणीचा जामीन झाला नाही, त्याला भाचरांच्या बाबतीत या गावात तोंड कसं? आधी राहिलेली कोंबडी येऊ दे, सोबत कुळातलं वडीलधारं माणूस येऊ दे, मग बोलणं. रीतीची गोष्ट निघाल्यावर मुखियाला मागे हटता येईना. फोस्तिनो हसला. शनिवारी आणतो म्हणाला आणि जाताना म्टिसुंगेच्या डोक्यावर हात ठेवून गेला.

ते चार दिवस फालेसीने कसे काढले ते तिलाच ठाऊक. सडकेवर सायकलची घंटी वाजली की हातातला कलथा थांबायचा. गुरुवारी म्टिसुंगे हापशावरून आली ती ओठाला बिस्किटाचा चुरा घेऊन. फालेसीने खोदून विचारलं तेव्हा कळलं की मामा हापशावर भेटला होता, आजीला सांगू नकोस म्हणाला होता.

“आणि तो म्हणाला असता, चल बस सायकलवर, तर?”

पोरगी गोंधळली. “मामा बोलावतो तर नाही कसं म्हणायचं? तूच तर शिकवलंस ना, आजी.”

 त्या दिवसापासून पाणी भरायला फालेसी स्वतः जाऊ लागली, गुडघे कुरकुरत असले तरी.

शनिवारी फोस्तिनो आला. बगलेत लाल कोंबडी, सोबत एक वाळका म्हातारा, कुळातला थोरला म्हणून. सगळा गाव आंब्याखाली जमला. म्हाताऱ्याने कोंबडी दोन्ही हातांत घेतली, मुखियाने नवऱ्याच्या बाजूने ती घ्यायला हात पुढे केले, आणि आता दोघांच्या मध्ये वीतभरच अंतर उरलं होतं. म्टिसुंगेचं गाठोडं कोणीतरी आधीच बांधून ठेवलेलं फालेसीला दिसलं. ती झोपडीत गेली, खिळ्यावरून हिरवा पेला काढला आणि म्हाताऱ्यापुढे जमिनीवर ठेवला.

“बाबा, हा पेला जिचा, ती पोर मी माझ्या हाताने तिच्या मामाला दिली, ती परत दिसली नाही. जामीन कोण, ते विचारलं नाही. आता विचारते. कोंबडी दिलीत की तुम्ही जामीन. पुढच्या पावसाआधी म्टिसुंगे मला डोळ्यांनी दिसली नाही, तर मी कोणाच्या दारात येऊन बसू? गावासमोर सांगा, तुमचं दार कुठलं?”

 फोस्तिनो दात आवळून म्हणाला, “सांगा ना काका, सांगा.” म्हाताऱ्याने पेल्याकडे पाहिलं, मग पोरीकडे. कोंबडी हळूच खाली ठेवून त्याने हात मागे घेतले.

“मला यात ओढू नका, बाई. मी फक्त कोंबडी धरायला आलो होतो.”

मुखियानेही हात मागे घेतले. कोणी आरडाओरडा केला नाही. फोस्तिनोने कोंबडी पायाला धरून उचलली, फालेसीजवळ आला आणि अगदी हळू, जवळजवळ मायेने म्हणाला, “आजी, तुमचं वय झालंय. मला घाई नाही.” मग तो सायकलवर बसून गेला.

आता फालेसीकडे पेजेआधी एक नवा धडा असतो. पंचवीस पोरं गोल बसतात आणि ती मामा होऊन हाक मारते. पोरांनी म्हणायचं, मामा, आधी आजीला विचारते. बारकी खिदळतात, यामिकानी तर उलट मामाच व्हायला मागतो. गावातल्या काही बाया नाकं मुरडतात, म्हातारी पोरांना बिघडवतेय म्हणतात. म्हणोत. फालेसीला राग येतो तो त्यांचा नाही, स्वतःचा. एवढी वर्षं आपणच ही पोरं सोलून ताटात वाढली, असं ती उघड म्हणते.

म्टिसुंगे सगळ्यांत हळू म्हणते. काल धडा चालू असतानाच सडकेवर घंटी वाजली, थांबली, पुन्हा वाजली. एका माणसाने तिला नावाने हाक मारली. पोरीच्या तोंडात शिकवलेलं वाक्य तयार होतं, ओठ हललेही, पण त्याआधीच हातातला आपला रिकामा पेला जमिनीवर ठेवून ती उठून उभी राहिली होती. फालेसीने तिचं मनगट धरलं. घंटी तिसऱ्यांदा वाजली, आणि तिच्या मुठीतला तो बारीक हात अजून सडकेकडेच ओढ घेत होता.