डाव्या खांद्याचं पॅड

शिंपीणबाईंच्या लेकीने तिच्या शाळेत नव्याने आलेल्या मुलीला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा आई तिच्या गणवेशाचं माप घेत होती. मुलीचा डावा खांदा चांगला इंचभर खाली होता. आईने कापसाचं छोटं पॅड करून शर्टाच्या आतून बेमालूम बसवलं आणि म्हणाली, "बघ राणी, कुणाला कळायचं नाही."

राणी! लेकीला आजवर "अगं ए" याखेरीज हाक मिळाली नव्हती. तिच्या पोटात दुखू लागलं. शर्ट द्यायच्या आधी तिने पॅडचे दोन टाके ठेवून बाकीचे गुपचूप कापले.

शाळेत प्रार्थनेलाच पॅड गळून पडलं. "तराजू आला गं, तराजू!" पोरी खिदळल्या. सगळ्यांत मोठ्याने लेकच हसली.

संध्याकाळी मुलगी पॅड घेऊन दुकानात आली. टाके कात्रीने कापलेत, हे तिने ओळखलं होतं. लेकीचा जीव टांगणीला लागला.

"माझ्याकडूनच निघालं, काकू," मुलगी लेकीकडे बघत म्हणाली.

"आण इकडे, मी लावून देते," लेक पुटपुटली.

आता दुकान लेकच चालवते. हाताखाली तीन बायका आहेत, पण त्या मैत्रिणीचे कपडे ती कुणालाच शिवू देत नाही, आईलाही नाही.