दादा त्या गाडीत बसत नसे

माझ्या दादाचं गॅरेज आहे, हात कसबी आहे आणि पोटदुखी जन्माची आहे. ही पोटदुखी औषधानं जाणारी नव्हे. दुसऱ्याला काही मिळालं की ती उठते. लहानपणी आई दूध ओतायला लागली की हा डोळे पेल्यांच्या काठाला लावून बघत बसायचा. माझ्या पेल्यात नुसता फेस जास्त असला तरी याचं तोंड वाकडं. पुढे नावाजलेला मिस्त्री झाला, पण हाताखाली माणूस काही ठेवला नाही. काम शिकेल आणि समोरच दुकान थाटेल, ही धास्ती. कंबर धरून बसेल, पण कुणाला पाना धरू देणार नाही.

बाबांची नजर अधू झाली तेव्हा त्यांची जुनी गाडी आपल्याकडेच येणार याबद्दल त्याला शंका नव्हती. बाबांनी किल्ली ठेवली माझ्या नवऱ्याच्या हातावर. त्यातून योग असा की ह्यांचं चष्म्याचं दुकान. बाबांचे डोळे ह्यांनीच तपासले होते आणि आता गाडी चालवू नका, असंही ह्यांनीच सांगितलं होतं. दादाला तेवढं पुरलं. डोळे तपासले की गाडी मिळते हे आम्हाला कुणी शिकवलंच नाही, असं तो येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवायचा. शिवाय शपथ घेतली, की गाडी दुरुस्त करीन, पण आत बसणार नाही.

मग गाडीला खोड लागली. सपाट रस्त्यावर हळू हाकली तर नीट चालायची, पण वेग वाढवायला पाय दाबला की अडखळायची, गचके द्यायची. चढावर तर चक्क बंद पडायची. हे गाडी गॅरेजात लावून जायचे. दादा बॉनेट उघडायचा आणि बाहेर उभ्यानंच ॲक्सिलरेटरची तार हातानं ओढायचा. उभ्या जागी इंजिन झकास आवाज द्यायचं. त्यानं प्लग बदलले, कार्ब्युरेटर साफ केला, पेट्रोलचा फिल्टर नवा घातला. दर वेळी निकाल एकच. गाडी ठणठणीत आहे, चालवणाऱ्यालाच चालवता येत नाही.

चढावर भार आल्यावर काय होतं ते बघायचं तर गाडीत बसायला हवं, नाहीतर दुसऱ्या कुणाला तरी बसवायला हवं. घोडं तिथेच पेंड खात होतं. स्वतः बसायचं नाही, ह्यांना थांबवून घ्यायचं नाही आणि हाताखाली माणूस तर नाहीच.

एके दिवशी हे चालवत होते आणि बाबा आणि मी गाडीत होतो, तेव्हा भर चौकात ती मेली. मागच्या ट्रकनं करकचून ब्रेक मारला म्हणून वाचलो. ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं गॅरेजात गेलो आणि ह्यांनी सांगितलं, की आज दोष सापडला नाही तर गाडी भंगारात घालतो. दादा म्हणाला, घाला. तसं म्हणताना त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. मी ते बघितलं आणि माझं डोकंच फिरलं. माझ्या बापाच्या जिवावर बेतलं होतं आणि याला आनंद कशाचा, तर गाडी आपल्याला नाही, निदान त्यांनाही नाही.

मी तशीच घरी गेले आणि रिक्षात घालून बाबांना घेऊन आले. त्यांना सगळं सांगितलं. बाबा चाचपडत गाडीत बसले आणि दादाला बॉनेटच्या बाजूला उभं राहायला सांगितलं. गाडी सुरू केली, हँडब्रेक घट्ट ओढला, पहिला गिअर टाकला आणि क्लच अर्धवट सोडत गाडीला जोर दिला. डोळे गेले तरी पाय विसरले नव्हते.

इंजिन एका अंगानं उचललं गेलं आणि धाप लागल्यासारखं होऊन बंद पडलं.

दादा वाकला. पुन्हा करा, म्हणाला. बाबांनी पुन्हा केलं. इंजिन ज्या रबरावर बसवलेलं असतं ते फाटलं होतं. जोर आला की इंजिन कलायचं, ठिणगी पुरवणारी वायर ताणली जायची आणि तिचं टोक सुटायचं. इंजिन पुन्हा सरळ झालं की टोक आपोआप जागेवर. दादानं संध्याकाळपर्यंत रबर बदललं, नवी वायर ओढली. ह्यांनी गाडी चढावर नेऊन आणली. गचका नाही, काही नाही.

दादा हात पुसत उभा होता. पुसून झाले तरी पुसत होता. "बाबा, गाडी त्यांना का दिलीत?"

"त्यांनी मागितली," बाबा म्हणाले. "तू गाडीला कधी धड बोललास? जेव्हा बघावं तेव्हा, बाबा, हे धूड विकून टाका."

"अहो, मिस्त्री माणूस सगळ्याच गाड्यांना तसं बोलतो."

"मला काय माहीत? मी खरं धरलं."

दादाचा चेहरा पडला. मग तो ह्यांच्यापाशी आला. मान खाली होती. "दाजी, गाडी मला द्याल का?"

जन्मात पहिल्यांदा दादानं काही मागितलं होतं. मला गलबलून आलं. तरीही ह्यांनी हो म्हणू नये, असं मला आतून वाटत होतं.

सकाळी हीच गाडी भंगारात घालायला निघालेल्या माझ्या नवऱ्यानं किल्ली मुठीत घट्ट धरली. "नाही हो दादा," ते म्हणाले. "आता तर ती छान चालते."