सैल पोटाची कसरत

महाराजांच्या अमदानीत तालमीतल्या निवडक पैलवानांना दरबारातून खुराक मिळे. दूध, तूप, बदाम. मलाही मिळत असे. एका पावसाळ्यात माझ्या छातीत कफ भरून ताप आला. ताप उतरला, पण गेलेला दम परतला नाही. पन्नास बैठकांनी डोळ्यांपुढे अंधारी येई. वस्तादांनी स्पष्ट सांगितले की, दसऱ्यापर्यंत दम आला नाही तर खुराक दुसऱ्याला जाईल आणि मी गावी परतावे. त्यांचे काही चुकले नव्हते.

शिवाजी पेठेत, तालमीच्या मागे, घोड्यांची खोगिरे शिवणारे एक वृद्ध मुसलमान गृहस्थ राहत. आम्ही त्यांना चाचा म्हणत असू. पलटणीबरोबर जाऊन त्यांनी चीनमध्ये दोन हिवाळे काढले होते. छावणीबाहेर एक म्हातारा रोज पहाटे संथपणे हात हलवीत असे. त्याच्या शेजारी उभे राहून ते ती कसरत शिकले होते. तिने दम वाढतो, असे त्यांचे म्हणणे. मला दुसरा उपाय नव्हता. गेलो.

गुडघे किंचित वाकवायचे. पाण्यातून भरली घागर उचलावी तसे हात सावकाश वर आणायचे आणि तसेच खाली न्यायचे. श्वास नाकाने घेऊन बेंबीखाली पोचवायचा. घाम येता कामा नये. इथेच माझी मती कुंठित झाली. घामच आला नाही तर व्यायाम झाला हे ओळखायचे कशावरून? मी हात मोजू लागलो. चाचांनी मोजणे बंद करवले. जोर लावला, तो काढून टाकायला सांगितले. शिवाय मध्येच त्यांना पुढचा हात, म्हणजे पुढची हालचाल, आठवत नसे. मग ते डोळे मिटून उभे राहत आणि मीही उभा राही. आम्ही खोळंबलो आहोत की हाही कसरतीचाच भाग आहे, हे मला कळत नसे. मी विचारलेही नाही.

वस्तादांनी एकदा कुंपणावरून पाहिले. पाण्यात बसलेली म्हैससुद्धा याच्याहून जास्त हलते, असे ते तालमीत म्हणाले. सगळे हसले.

महिना गेला. श्वास बरगड्यांखाली उतरेना. अखेर चाचांनी माझ्या पोटावर हात ठेवला. धोतराखाली त्यांच्या बोटांना गाठ लागली.

"हे काय?"

"लंगोट."

"रोज आवळून येतोस?"

"कसरतीला लंगोटाबिगर कसं यायचं, चाचा?"

त्यांनी हात मागे घेतला. "पावण्याला आत ये म्हणतोस आणि दाराला कडी लावून बसतोस व्हय?"

लंगोट मी तालमीतल्या मारुतीपुढे बांधला होता. तो उतरवून व्यायाम करणे म्हणजे पैलवानकी सोडणे, अशी आमची समजूत. दोन दिवस गेलो नाही. तिसऱ्या दिवशी लंगोटाची घडी चाचांच्या ओट्यावर ठेवली आणि तिकडे पाठ करून उभा राहिलो. पहिल्याच श्वासाला पोट हलले. लाज वाटली. पंधरवड्यात तालमीच्या पायऱ्या धापा न टाकता चढू लागलो.

दसऱ्याआधी वस्तादांनी जोर मारायला लावले. लंगोट रीतीप्रमाणे कसून बांधला होता. साठाव्या जोराला दम तुटला. गाठ सैल केली असती तर तो आला असता, असे त्या क्षणी वाटले. पण सैल लंगोटाने तालमीच्या हौद्यात, कुस्तीच्या मातीत, पाय ठेवायचा नसतो.

"थांबतोस?" वस्तादांनी विचारले.

"थांबतो."

त्यांनी माझ्या पाठीवरची माती हाताने झाडली. असे त्यांनी पूर्वी कधी केले नव्हते.

लंगोट मारुतीपुढे ठेवला आणि गावी आलो. पुढे दम पुरता आला. तो कसरतीने आला, लंगोट सुटल्याने आला की नुसते दिवस गेल्याने, हे मला आजही सांगता येत नाही. कसरत मात्र मोडली नाही. चाचा विसरत त्या जागी मीही डोळे मिटून थांबतो. मग पुन्हा पहिल्या हातापासून सुरू करतो.