येते म्हटल्यावर
तीन ऑगस्ट. सुकट भाजतेय. हा वास आला की इथे सिंगापुरात, हौगांगमधली आमची लेखिका शेजारीण "बाबांचं घाना आलं!" म्हणत दारात यायची. वडील घानाचे, आई इथली चिनी. तिच्या कादंबऱ्यांत दोन्ही घरं असत. माझ्याकडून थोडं मराठी शिकली होती. हृदयाच्या ऑपरेशनला निघताना लिफ्टपाशी म्हणाली, "जाते, ताई." मी दटावलं, "जाते म्हणू नये, येते म्हणावं." ती हसली, इथल्या बोलीतला 'लाह' लावून म्हणाली, "म्हटलं तर यावं लागेल, लाह! बरं, येते." दुपारी तिच्या मुलीचा फोन आला, आई ऑपरेशनमध्येच गेली. फोन ठेवला तोच बंद दाराबाहेरून तिचा आवाज आला, "ताई, आले." दार उघडलं, तर कॉरिडॉर रिकामा. दुसऱ्या दिवशी सकाळी ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, जिथे इथे अंत्यदर्शनाला ठेवतात, तिच्या शवपेटीशी वाकून मी म्हटलं, "आता जा गं."